ई-रीडर घ्यायचाय, पण किल्ली आपल्याच खिशात पाहिजे

सेलूकर

मंडळी, बाबांसाठी ई-रीडर (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) बघायलोय. बाबा सेलूला असतात, वय ७१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मी परभणीत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेत, तरी बारीक टाइपाचं पुस्तक हातात घेतलं की अर्ध्या पानात डोळ्याला पाणी. मोबाइलवर वाचा म्हटलं तर म्हणतात, "मधीच कोण्या बँकेचा मेसेज येतो अन् ओळ हुकते."

नुसतं 'कोणता घेऊ' एवढंच विचारायचं असतं तर धागा काढला नसता. माझं दुखणं वेगळंय. चार वर्षं एका ॲपवरून मराठी ई-पुस्तकं विकत घेतली, एकूण २७. नाव घेत नाही. खातं जुन्या मोबाइल नंबरवर होतं. तो नंबर रिचार्जअभावी बंद पडला आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला गेला. फोन बदलल्यावर लॉगिन करायला गेलो तर ओटीपी त्या भल्या माणसाला! ग्राहकसेवेला तीन मेल टाकले, तिन्हींचं उत्तर एकच: नोंदणीकृत क्रमांकावरून संपर्क साधावा. पावत्या अजून मेलमध्ये आहेत, पुस्तकं नाहीत.

त्यामुळं आता हट्ट असा की खातं न काढता चाललं पाहिजे, पुस्तकाची फाइल माझ्या हातात पाहिजे, आणि बाबा रात्री किती वाजता काय वाचत बसले हे घराबाहेर कुणाला कळता कामा नये. मराठी नीट दिसावं हे आलंच. बजेट पंधरा हजार, थोडं मागं-पुढं.

बालाघाट

वाचनालयाचं कार्ड काढून द्या की. ओटीपी लागत नाही.

सेलूकर

काढलेलंच आहे हो. टाइपाचं काय करू?

गोदाकाठ

नांदेडहून. सात-आठ वर्षं या खेळण्यांशी झटापट चाललीय, म्हणून जरा लांबण लावतो.

ई-रीडर म्हणून आपण तीन गोष्टी एकत्र विकत घेतो: पडदा, आतलं सॉफ्टवेअर आणि दुकान. पडदा जवळपास सगळ्यांकडं ई-इंक या एकाच कंपनीचा असतो, त्यामुळं पडद्यावरून फार डोकं खाजवू नका. ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) असला की अक्षर छापल्यासारखं दिसतं. पान बदलतानाच काय ती वीज लागते. आमच्याकडं लाइट दिवसभर गेली तरी रीडरला त्याचा पत्ता नसतो, चार्जरला मी दोन-अडीच आठवड्यांनी हात लावतो. खरी भानगड दुकानाची. दुकान सॉफ्टवेअरला किती घट्ट शिवलंय आणि ती शिवण उसवता येते का, एवढंच बघायचं.

ॲमेझॉनच्या किंडलला शिवण सर्वांत घट्ट. २००९ च्या जुलैत ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या यंत्रांवरून परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, बेझोसनी जाहीर माफीही मागितली. पुसलेलं पुस्तक होतं ऑरवेलचं '१९८४'! ज्या कादंबरीत सरकार नको असलेला मजकूर भट्टीत घालतं, तीच. कुणी रचून सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. मुद्दा माफीचा नाही, हात तिथपर्यंत पोचतो हे त्या दिवशी दिसलं. आणि २६ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घ्यायची सोय बंद केली. आपल्याकडची स्वतःची फाइल केबलनं किंडलवर टाकणं अजून चालतं, तेवढं एक दार उघडं आहे.

कोबो (मालक जपानची राकुटेन) सुरुवातीला खातं मागतो. पण त्याच्या पोटातल्या एका कॉन्फिग फाइलमध्ये 'साइडलोडेडमोड'ची एक ओळ टाकली की दुकान पडद्यावरून गायब होतं आणि तो नुसता वाचायची पाटी होऊन बसतो. ईपब (ई-पुस्तकाचा खुला फॉरमॅट) थेट वाचतो. २०२४ च्या मॉडेलांपासून त्यांनी आयफिक्सिटशी हात मिळवलाय, सुटे भाग आणि उघडून दुरुस्त करायची माहिती मिळते. बॅटरी मेली म्हणून यंत्र भंगारात, असं होत नाही.

पॉकेटबुकला खातं लागतच नाही. डबा उघडा, केबल लावा, फाइल टाका, वाचा. फॉरमॅटही ढीगभर चालतात. बूक्स वगैरे अँड्रॉइडवाले रीडर मी बाबांसाठी सुचवणार नाही. मोबाइलचीच सगळी ॲपं तिथं येतात, म्हणजे मोबाइलचेच सगळे चहाडखोर येतात.

यातलं काहीही घ्या, वर 'कोरीडर' चढवा. पुस्तकं वाचायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कोबो-पॉकेटबुकवर फाइली कॉपी करण्याइतकं सोपं. किंडलवर आधी जेलब्रेक (कंपनीचं कुलूप तोडणं) करावं लागतं आणि ते यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीपुरतंच चालतं, कंपनी अपडेट देऊन भोक बुजवत असते. त्या उंदीर-मांजराच्या खेळात वडिलांचं यंत्र घालू नका.

मांजराकाठ

लातूरहून, शिकवणीवाली बाई. मी किंडलवालीच आहे आणि मला कळत नाही एवढं काय लपवायचंय. मी काय वाचते ते कंपनीला कळलं तर कळू दे. दिवसभर क्लासमध्ये घसा कोरडा करून रात्री साडेअकराला आडवं पडायचं, एक बटण दाबलं की पुस्तक हजर. फोनवर सोडलेलं पान किंडलवर बरोबर उघडतं. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी आलं तेव्हापासून मी मराठी वाचायला परत लागले, हेही सांगते. तुमच्या त्या कॉन्फिग फाइली आमच्या मिस्टरांना सुद्धा जमणार नाहीत, सासऱ्यांचं तर सोडाच.

गोदाकाठ

ताई, सोयीबद्दल वाद नाही. पण फोनवरचं पान किंडलवर बरोबर उघडतं म्हणजे ते मधी कुठंतरी लिहून ठेवलेलं असतं, एवढं तर मान्य कराल? पान, खुणा, अधोरेखित ओळी, वेळ. आणि हे एकट्या किंडलचं नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात अडोबीचं ई-पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर पकडलं गेलं होतं. कोणतं पुस्तक, कोणतं पान, सगळं कंपनीच्या सर्व्हरला उघड्या मजकुरात जात होतं. उघड्या म्हणजे पोस्टकार्डासारखं, वाटेतला कुणीही वाचेल असं.

मांजराकाठ

पोस्टकार्डावर तर आमच्या आजीनं आत्याच्या लग्नाची सगळी बोलणी केली होती. गाव वाचायचं. कुणी मेलं नाही.

जुनं_रजिस्टर

अंबाजोगाई. तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर काढली, म्हणून चार ओळी.

कुणी काय नेलं हे आम्हालाही कळायचं. लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर, त्यात दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख. म्हणजे नोंद काही नवी नाही. पण एक प्रसंग सांगतो. बारावीतली एक मुलगी सलग काही पुस्तकं घेऊन गेली. लग्न, संसार, बाईचं शरीर, अशा विषयांवरची. आठवड्यानं तिचे वडील आले. ओळखीचे, रोजच्या उठण्याबसण्यातले. म्हणाले, "आमची पोरगी काय वाचायली ते जरा दाखव." मी रजिस्टर मिटलं, त्यावर कोपर ठेवलं आणि चहा मागवला. ते काय समजायचं ते समजले. चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. ती मुलगी आज कुठं आहे मला ठाऊक नाही, पण तिची पुस्तकं वेळेवर परत आली, दंड एकदाही नाही.

मांजराकाठताई, रजिस्टर मिटायला तिथं एक माणूस बसलेला होता. सर्व्हरला कोपर नसतं. आमची रजिस्टरं पाच-सहा वर्षांनी वाळवी खायची किंवा रद्दीत जायची, तेही एक बरंच होतं म्हणायचं.

अवांतर होईल, पण आपल्याच मुलखातली गोष्ट आहे म्हणून लिहितो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, पंथाबाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. कुलूप तेही होतं. फरक एवढाच की लिपी वाचणाऱ्याला शिकवलेली असायची, ज्याच्या हाती पोथी त्याला किल्लीही ठाऊक. आता पोथी आपल्या हाती आणि किल्ली सिअॅटलला, ॲमेझॉनच्या कचेरीत.

बालाघाट

तुमच्या गावच्या दासोपंतांची पासोडी विसरलात. कापडावर लिहिलेलं पंचीकरण, वेदान्ताचं, चांगलं लांबलचक. पडदा मोठा, चार्जिंग नाही, खातं नाही.

जुनं_रजिस्टर

बरोबर. पण आडवं पडून वाचता येत नाही.

वेरूळचा_वाटसरू

दोन गोष्टी कायद्याच्या. वकील नाही, पण नोकरीत या कागदांशी संबंध येतो.

'विकत घ्या' असं बटणावर लिहिलेलं असतं, पण आपण घेतो तो वाचायचा परवाना. कॅलिफोर्नियानं तर २०२५ पासून दुकानदारांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावलंय. परवाना देणारा दुकान बंद करू शकतो. मायक्रोसॉफ्टनं २०१९ च्या एप्रिलात ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैपासून लोकांची विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. सेलूकरांना तेही मिळाले नाहीत, हा भाग वेगळा.

दुसरं. या धाग्यावर कुणीतरी 'डीआरएम (ई-पुस्तकाचं डिजिटल कुलूप) काढून टाका' म्हणणारच, त्याआधी सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलंय. हक्कभंगाच्या हेतूनं असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. 'हेतू' हा शब्द तिथं आहे, स्वतःच्या पुस्तकाची प्रत जपणारा आणि टेलिग्रामवर वाटत सुटणारा सारखे नाहीत. तरी तोडण्यापेक्षा कुलूप नसलेलं पुस्तक घेणं बरं.

सेलूकर

वाटसरू, तिथंच तर गाडी अडते. कुलूप नसलेलं मराठी पुस्तक आणायचं कुठून? नवीन मराठी कादंबरी ईपब म्हणून हातात द्या म्हटलं की दुकानवाले आपलंच ॲप दाखवतात.

वेरूळचा_वाटसरू

नवीन पुस्तकांचं रडगाणं खरंय. माझ्याकडं उत्तर नाही. ती मी कागदावरच घेतो.

जुन्यांची मात्र चंगळ आहे. लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी आपल्याकडं हक्क संपतात. ह. ना. आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, म्हणजे हे सगळं मोकळं. मराठी विकिस्रोतवर गेलात तर तिथून ईपब उतरवता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं संकेतस्थळावर फुकट देतं आणि त्यातली काही इतकी भारी आहेत की बाबा दोन वर्षं बाहेर येणार नाहीत. ई साहित्य प्रतिष्ठानही आहे. अडचण एकच, यातलं पुष्कळसं पीडीएफ.

गोदाकाठ

आणि सहा इंची पडद्यावर पीडीएफ म्हणजे खिडकीच्या फटीतून लग्न बघणं. कोरीडरमध्ये चारी बाजूचा समास कापायचा आणि यंत्र आडवं धरायचं, मग अर्धं अर्धं पान बऱ्यापैकी वाचता येतं. बाबा पीडीएफच जास्त वाचणार असतील तर आठ इंचाच्या खाली येऊ नका. ईपब असेल तर सहा इंच पुरे, हातालाही हलका.

पीडीएफवरून ईपब करू म्हणाल तर आधी एक ओळ कॉपी करून वहीत चिकटवून बघा. 'भ्प्न्' असलं काहीतरी उमटलं तर ते जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातलं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. मराठी उमटलं तर कॅलिबर वापरा, ई-पुस्तकं सांभाळायचं आणि फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर. फुकट आणि खुलं. कोविद गोयल या आपल्याच भारतीय वंशाच्या माणसानं २००६ मध्ये सुरू केलं आणि आजतागायत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. संगणकावरचं कॅलिबरचं फोल्डर हेच खरं वाचनालय समजा, रीडर म्हणजे त्यातून चार पुस्तकं घालून न्यायची पिशवी. पिशवी हरवली तरी कपाट घरी.

आता मराठी अक्षर. इथं खूपजण फसतात. माझ्या पहिल्या रीडरवर (नाव नको) 'दुसऱ्या'चं 'दुसर् या' दिसायचं आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर चढायच्या. यंत्र घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक फाइल करून टाका. तिच्यात लिहा: दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कर्तृत्व, क्लिष्ट, हृदय, ॲप. एवढे शब्द नीट दिसले तर बाकीचं मराठी दिसतंच. ॲ हे अक्षर जुन्या फॉन्टात नसतं, तिथं चौकोन येतो. कोरीडर अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतो, त्यामुळं जोडाक्षरं तुटत नाहीत, फक्त फॉन्ट चांगला घाला. मी 'तिरो देवनागरी मराठी' घातलाय. फुकट आहे आणि त्यात ल अन् श आपल्या वळणाचे आहेत. बाकीच्या बऱ्याच फॉन्टांत ल हिंदी वळणाचा येतो, शाळामास्तराच्या डोळ्याला तो खुपणारच.

मांजराकाठ

अगं बाई, ल चं मला आजपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. आत्ता किंडल उघडून बघितलं. आता दर ओळीला तेच दिसायलंय. काय करून ठेवलंत हो हे!

बरं, मी यंत्र बदलणार नाही. चालूच वर्षात घेतलंय, सोळा हजार नऊशे नव्व्याण्णव मोजलेत. आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

गोदाकाठ

एअरप्लेन मोड लावून ठेवा आणि स्वतःच्या फाइली केबलनं टाका. पुस्तक विकत घ्यायचं तेव्हाच वायफाय लावायचं. तेव्हा साठलेली माहिती जाईल, ते धरून चाला. 

मोजमाप कोरीडरही करतो बरं का. किती पानं, किती मिनिटं, सगळं आलेखासकट. पण ती वही यंत्रातच राहते, नको असेल तर पुसता येते.

वेरूळचा_वाटसरू

वायफायबद्दल अनुमोदन. रीडर निवडताना एकच परीक्षा घ्यायची असेल तर मी ही घेईन: डबा उघडल्यापासून एकदाही नेट न लावता पहिलं पुस्तक वाचून संपवता येतं का? गुप्तता-धोरणाची चाळीस पानं वाचण्यापेक्षा हे सोपं. जे यंत्र नेटवर जातच नाही त्याला काय सांगायचंय ते त्याच्यापाशी.

सेलूकर

महिन्याभरानं धागा वर काढतोय.

साडूचा भाऊ दुबईहून येणार होता, त्याच्याकडून कोबो क्लारा बीडब्ल्यू मागवला. सहा इंच, १६ जीबी, काळा-पांढरा. रंगीतच्या मोहात पडलो नाही, बाबांना अक्षर वाचायचंय. गोदाकाठ यांनी सांगितलेली ओळ टाकायला मला दीड तास लागला, त्यातला सव्वा तास लपवलेलं फोल्डर लॅपटॉपवर दिसेना म्हणून. एकदा दिसल्यावर पाच मिनिटांचं काम. कोरीडर चढवला, तिरो फॉन्ट घातला, परीक्षेची फाइल टाकली. 'वाऱ्यावर' वाऱ्यावर न जाता जागेवर राहिलं. वायफाय आजवर एकदाही लावलेलं नाही.

बाबांकडं नेला तेव्हा त्यांनी आधी यंत्र उलटं करून पाठ बघितली, मग विचारलं, "याच्यात सिम कुठं घालायचं?" घालायचं नाही म्हटलं तर खुश. अक्षर एवढं मोठं करून घेतलंय की पानावर अकरा ओळी मावतात. दर दीड मिनिटाला पान उलटतात, बोट जिभेला लावून! पडद्यावर थुंकीचे ठसे. आई ओरडायलीय.

एक गोष्ट जमली नाही. त्यांना त्या २७ मधलं एक पुस्तक वाचायचं होतं. ते शेवटी परभणीच्या दुकानातून कागदीच आणलं, दुसऱ्यांदा पैसे मोजून. मी त्यांना पानागणिक वाचून दाखवतो, शनिवार-रविवार.

जुनं_रजिस्टर

हे उत्तम. बाबांना विचारा, अकरा ओळींत ज्ञानेश्वरीच्या किती ओव्या बसतात.

सेलूकर

मोजल्या त्यांनी. दोन पूर्ण, तिसरीचा शेवटचा चरण पुढच्या पानावर जातो म्हणून कुरकुर चालूय. टाइप एक घर बारीक केला तर तीन बसतात, पण मग डोळ्याला पाणी. गोदाकाठ, ओळींमधलं अंतर कमी करायचं कुठं असतं?

गोदाकाठ

खालच्या कडेवर बोट ठेवून वर सरकवा, खालची पट्टी उघडेल. तिथं ओळींच्या अंतराची घरं आहेत, दोन घरं खाली आणा. उकार आणि वरच्या मात्रा एकमेकांना घासायला लागल्या तर एक घर परत वर.

बालाघाट

अन् ठशांसाठी ओलं फडकं नको म्हणा आईला, चष्म्याचंच वापरा.

सेलूकर

चष्म्याचं फडकं रीडरला गेलं, आता चष्मा धोतराला पुसायलेत. अंतराचं जमलं. तिन्ही ओव्या बसल्या.